मैनेची पाठ

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस "आपण काय करता?" असं विचारतो, तेव्हा मी नुसतं "डॉक्टर" म्हणून सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, तर त्या गृहस्थांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून मला आपली जीभ दाखवली. तेव्हापासून मी आधीच सांगून टाकतो, "गुरांचा डॉक्टर." मग जीभ आत जाते आणि पुढचा प्रश्न येतो, "कुठल्या जनावराने सगळ्यात जास्त शिकवलं हो तुम्हाला?" लोकांना वाघ, घोडा, गेलाबाजार पोलिसांचं कुत्रं तरी अपेक्षित असतं. खरं उत्तर "गाढव" आहे. जिलबी खाणाऱ्या माणसाला ते देता येत नाही, म्हणून दिवाळी अंकात देतो.

नव्वदच्या दशकात माझा दवाखाना तुर्भ्याला होता. वर पत्रा, आत एक टेबल आणि बाहेर गिऱ्हाइकांना बांधायला चार खुंट. गिऱ्हाइकं म्हणजे तबेल्यांतल्या म्हशी, वस्तीतल्या शेळ्या, ट्रकवाल्यांनी हायवेवर पाळलेली आणि मग विसरलेली कुत्री. आणि गाढवं. नवी मुंबई तेव्हा चहूबाजूंनी वर चढत होती, आणि जिथवर ट्रक जात नव्हता तिथवर वाळू आणि विटा गाढवं पोचवायची. एवढ्या इमारती झाल्या, पण एकाही वास्तुशांतीला त्यांना बोलावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एके दिवशी दवाखान्यात नलूताई आल्या. त्या फिजिओथेरपिस्ट. नेरुळला तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागची मोकळी जागा घेऊन त्यांनी विशेष मुलांची शाळा काढली होती. बावीस मुलं होती. कुणाचे पाय ताठ, कुणाची मान धरत नाही, कुणी बोलतच नाही. जनावरांच्या सहवासात अशी मुलं मोकळी होतात असं त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं.

"डॉक्टर, मला एक शांत जनावर द्या," त्या म्हणाल्या. बाजारात भेंडी मागावी इतक्या सहज म्हणाल्या.

आधी कुत्रं झालं. वाशीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी आपला पॉमेरेनियन सकाळचे तीन तास द्यायचं कबूल केलं. पहिला आठवडा शाळेत नुसती दिवाळी. दुसऱ्या आठवड्यात कुत्रं नलूताईंच्या टेबलाखाली जाऊन बसायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात तिथेच मुतायला लागलं. मी जाऊन पाहिलं, तर बावीस मुलांचे चव्वेचाळीस हात त्या एवढ्याशा देहावर, आणि पळायला वाट नाही.

"सेवा करतोय तो," मालक अभिमानाने म्हणाले.

"साहेब, सेवा तुम्ही करताय. तो नोकरी करतोय, आणि तुमच्या बँकेत होत्या तेवढ्या सुट्ट्या त्याला नाहीत," मी म्हणालो. साहेबांना राग आला, पण कुत्रं घरी गेलं आणि सुधारलं.

त्या दिवशी मी शाळेच्या भिंतीवर खडूने चार नियम लिहिले. एका वेळी वीस मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. समोर कायम पाणी. एका वेळी दोनच मुलं. आणि फाटक उघडं. जनावर आपणहून निघून गेलं तर त्या दिवसाचा वर्ग संपला. चौथ्या नियमाला शाळेतल्या शिक्षिका हसल्या. उद्या मुलंही उठून जातील, असं एक जण म्हणाली. मी म्हटलं, गेली तर फारच उत्तम, त्यासाठीच तर शाळा काढलीय ना तुम्ही.

मग मी गाढव सुचवलं आणि हसणं बंद झालं.

इथे जरा धंद्यातलं सांगतो. चालत्या जनावराच्या पाठीवर बसलं की आपली कंबर हलते, ती चालताना हलते तशीच. ज्या मुलाने कधी पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या कंबरेला चालणं म्हणजे काय ते तिथे कळतं. खालून ऊब लागते, ताठ मांड्या सैल होतात. तोल जाऊ नये म्हणून पाठीचा कणा आपण होऊन ताठ राहायला शिकतो. हे काम घोडाही करतो, पण घोडा उंच, आणि घाबरला की पळतो. गाढव घाबरलं की जागच्या जागी थांबतं. आपण त्याला हट्टी म्हणतो. मला तो शहाणपणा वाटतो.

तुर्भ्याच्या वस्तीतल्या यल्लूबाईंची पाच गाढवं होती. त्या सोलापूरकडच्या, नवरा वारलेला, आणि माझ्या औषधांवर त्यांचा बेताचाच विश्वास. त्यांच्यातली सगळ्यात गरीब गाढवीण म्हणजे मैना. आधी त्या तिला द्यायला तयार नव्हत्या. शेवटी एका अटीवर कबूल झाल्या.

"दर आयतवारी मी येनार बगायला. लेक दिल्यावर मानूस बगायला जात न्हाई व्हय?"

मैनेला शाळेत पोचवायला दुसरं कोणी तयार होईना, म्हणून मीच तिला तुर्भ्याहून नेरुळला चालवत नेलं. सानपाड्याला चहाच्या टपरीवरच्या एकाने विचारलं, "डॉक्टर, वरात कुणाची?" मी म्हटलं, "माझीच. नवरी पुढे चाललीय."

शाळेत रुबिना नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. बुद्धीने तल्लख. मासिकं, पाकिटांवरची छपाई, जे हातात येईल ते वाचायची. पण पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, आणि खुर्चीला पट्टा बांधला नाही तर डावीकडे कलंडायची. तिचे वडील इब्राहिमभाई मूळचे उरणकडचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचं दुकान होतं. रुबिनाने साध्या शाळेत जावं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. वाशीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक तयारही झाले होते, पण त्यांची अट होती. शाळेचा एक तास, म्हणजे पस्तीस मिनिटं, बाकावर स्वतःचं स्वतः बसता आलं पाहिजे. पट्टा नाही, धरायला माणूस नाही. जूनमध्ये ते स्वतः बघणार होते. ही गोष्ट जानेवारीतली, आणि तेव्हा रुबिना पट्ट्याशिवाय जेमतेम चार मिनिटं बसायची.

इब्राहिमभाईंना गाढवाचं कळलं त्या दिवशी ते गाडी तशीच रस्त्यात उभी करून आत आले.

"डॉक्टरसाहेब, माझ्या मुलीला लोक आधीच काय काय बोलतात. आता तुम्ही तिला गाढवावर बसवणार? आपल्याकडे गाढवावर कोणाला बसवतात माहितीये ना? चोराला! तोंडाला काळं फासून!"

बापाच्या डोळ्यांपुढे ती धिंड उभी होती आणि ती मी पुसू शकत नव्हतो. कंबर, कणा, ऊब असं काहीबाही मी सांगत राहिलो.

"मग घोडा आणा. खर्च माझा. टेन्शन घेऊ नका."

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या बांधकामावर सळ्यांचा भारा ट्रकमधून धाडकन खाली पडला. नलूताई दचकल्या, मी दचकलो, ज्यांचा जन्म लोखंडात गेला ते इब्राहिमभाईसुद्धा दचकले. मैना अंगणाच्या मधोमध एक मुलगा पाठीवर घेऊन चालली होती, ती थांबली. नुसती थांबली. कान फिरवून आवाजाकडे पाहिलं आणि पाठीवरचा मुलगा खदाखदा हसायला लागला.

इब्राहिमभाई बराच वेळ बघत राहिले. "घोडा असता तर?" त्यांनी विचारलं.

"घोडा असता तर एव्हाना जुईनगरला पोचला असता. पोराला घेऊन."

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण फोटो काढायचा नाही. एक पण नाही."

रुबिना मैनेवर बसायला लागली. दोन बाजूंना दोन शिक्षिका, पुढे दोरी धरायला मी किंवा नलूताई. चारची सात मिनिटं झाली, सातची बारा. मार्च संपता संपता ती पट्ट्याशिवाय पंधरा मिनिटं बसत होती. मी रस्त्याने शीळ घालत फिरायला लागलो होतो.

दोघींचं जमण्यासारखंच होतं. नलूताई व्यायामात पाय ताणायच्या तेव्हा बाकीची मुलं शाळा डोक्यावर घ्यायची. रुबिना ओठ मिटून छताकडे बघत राहायची. "किती शहाणी आहे, कधी रडत नाही," असं आम्ही सगळे कौतुकाने म्हणायचो. मैनेबद्दलही आम्ही हेच शब्द वापरायचो, आणि त्याच कौतुकाने.

रुबिनाची प्रगती बघून इब्राहिमभाई इतके हरखले की एक दिवस कळंबोलीहून भेट घेऊन आले. पोलादी पाइपचं हँडल, खाली पाठीवरून आडवी जाणारी वाकवलेली पट्टी, वर लाल रंग. स्वतः उभं राहून वेल्डिंग करून घेतलेलं. "मुलांना धरायला काही नाही ना, म्हणून," ते म्हणाले. नलूताईंचे डोळे भरून आले. मी ते हँडल मैनेच्या पाठीवरच्या गोणपाटाच्या गादीवर ठेवून बघितलं, दोन पट्ट्यांनी आवळलं आणि म्हणालो, "वा, झकास!"

मला तेव्हा वीस वर्षांचा अनुभव होता, हे मुद्दाम नमूद करतो.

हँडलवर तीन आठवडे झाले असतील. एका रविवारी सकाळी मी शाळेत गेलो तर यल्लूबाई मैनेसमोर उभ्या होत्या. मैनेशी बोलत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

"डाक्टर, हिला कवाधरनं दुखतंय?"

"काही दुखत नाहीये. बघा की, किती शांत उभी आहे."

"तेच म्हनते मी. उभी हाय. माज्याकडं आली न्हाई." त्यांनी मैनेच्या कानांकडे बोट दाखवलं. कान आडवे पडले होते, आणि मैना तोंडात काही नसताना चावत होती. "वाळूच्या कामावर पन ही माजा आवाज ऐकून वरडायची. आज वरडली न्हाई."

त्यांनी गादी सोडली आणि मानेच्या मागे, पाठ सुरू होते तिथे, दोन बोटं दाबली. मैना हलली नाही. फक्त कातडी थरथरली. मी हात लावला, तर केसांखाली गरम, टणक सूज होती, आणि बाजूला जखम चिघळायला लागली होती. मी झकास म्हटलेल्या हँडलच्या पट्टीची धार गादी दबून रोज तिथेच टेकत होती. वीस मिनिटं, मग विश्रांती, समोर पाणी, फाटक उघडं. माझे चारही नियम पाळले गेले होते, आणि गाढवीण चारही नियमांच्या आत दुखणं सोसत उभी होती. जंगलात दुखणं दाखवणारं जनावर आधी खाल्लं जातं, म्हणून गाढव दुखणं लपवतं, हे मी दवाखान्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो.

मला लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

"तुमाला पुस्तकातलं गाढाव माहीत हाय," यल्लूबाई शांतपणे म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी मी नलूताई, इब्राहिमभाई आणि रुबिनासमोर सांगितलं की मैनेच्या पाठीवर आता कोणी बसायचं नाही, निदान दोन महिने. इब्राहिमभाई आधी हँडलकडे बघत राहिले.

"म्हणजे मीच केलं हे."

"तुम्ही दिलंत. बघायचं काम माझं होतं."

"डॉक्टरसाहेब," ते हळूच म्हणाले, "जूनला दीड महिना राहिलाय. हँडल फेकून देऊ. जाड गादी करून घेऊ. रोज पाच मिनिटं फक्त. माझ्या मुलीचं वर्ष आहे हो."

मी नलूताईंकडे बघितलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्या नजरेत पाच मिनिटांची आशा होती. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आली होती. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला गाढवीण. जगात कोणालाही विचारलं तरी कौल काय येईल ते मला माहीत होतं. पण मैनेच्या बाजूने बोलायला त्या खोलीत मी सोडून कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"तिला दुखत होतं?" रुबिनाने विचारलं. ती शब्द सावकाश, एकेक करून बोलायची.

"हो."

"मी बसायचे तेव्हा पण?"

"हो, बाळा."

"मग ती सांगत का नाही?"

"तिला सांगता येत नाही. आपणच बघायचं असतं. मी नाही बघितलं."

रुबिनाने दारातून अंगणाकडे बघितलं. मग म्हणाली, "अब्बा, मी नाही बसणार."

एप्रिल-मे म्हणजे माश्यांचे दिवस. जखम धुऊन, मलम लावून, भोवती कडुनिंबाचं तेल चोळलं तरी माश्या हटेनात. रुबिना म्हणाली, मी हाकलते. आम्ही तिला अंगणातल्या आंब्याच्या सावलीत मैनेशेजारी बुटक्या स्टुलावर बसवलं आणि हातात फडकं दिलं. मागून एक बाई धरून उभ्या. डावीकडची माशी उडाली की उजवीकडे बसायची, उजवीकडची उडाली की पोटाखाली. रुबिनाला कधी वाकावं लागे, कधी हात उंच करावा लागे, कधी दोन्ही हातांनी फडकं झटकावं लागे. अधूनमधून ती मैनेच्या कानांकडे बघून वर्दी द्यायची. "डॉक्टर, आज कान उभे आहेत." "डॉक्टर, आज ती चावत नाहीये." यल्लूबाईंनी तिला सगळं शिकवलं होतं. मला शिकवायला त्यांना बहुधा उशीर झाला होता.

मेच्या शेवटी शेवटी मी असाच मलमपट्टी करायला गेलो, तर नलूताई दारात उभ्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि अंगणाकडे दाखवलं. धरणाऱ्या बाई आत चहा टाकायला गेल्या होत्या. रुबिना स्टुलावर एकटीच बसली होती. पट्टा नाही, टेकू नाही. माश्या हाकलत होती आणि मैनेला कसलीशी गोष्ट वाचून दाखवल्यासारखी सांगत होती. "बावीस मिनिटं," नलूताई कुजबुजल्या. आम्ही दोन प्रौढ, शिकलेली माणसं दाराआड लपून तेविसाव्या मिनिटाची वाट बघत उभे राहिलो. पाठीवर बसून जे अर्धंमुर्धं जमलं होतं, ते पाठीची काळजी घेताना पुरं होत आलं होतं. हे कुठल्या मासिकात आलंय का, मला माहीत नाही.

मैनेची जखम भरली. भिंतीवर पाचवा नियम लिहिला गेला, रोज हाताने पाठ बघायची, आणि ते काम रुबिनाकडे आलं. पुढे मैनेवर पुन्हा मुलं बसायला लागली, मऊ गादीवर, हँडल न लावता. रविवारी यल्लूबाई फाटकाशी आल्या की मैना अशी ओरडायची की समोरच्या सोसायटीतून तक्रार यायची.

जूनमध्ये आम्ही वाशीच्या शाळेत गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण मी गेलो. रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर रुबिनाला बसवलं. मुख्याध्यापक उंच, कडक इस्त्रीचे, घड्याळ टेबलावर काढून ठेवणारे. त्यांनी तिला एक धडा वाचायला दिला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. इब्राहिमभाईंचे ओठ हलत होते. पंचवीस. रुबिनाच्या कपाळावर घाम आला, डावा खांदा जरासा खाली आला आणि तिने तो पुन्हा वर घेतला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला तिने पुस्तक मिटलं आणि हात वर केला.

"सर, माझी पाठ दुखतेय. मला जरा टेकायचंय."

इब्राहिमभाईंनी डोळे मिटले. नलूताईंनी माझं मनगट धरलं. आजपर्यंत या मुलीने दुखतंय असं कोणाला, कधी, एकदाही सांगितलं नव्हतं. सांगायला हीच वेळ मिळाली.

मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे बघितलं. "सातच मिनिटं राहिलीत, बाळ. जमणार नाही का?"

"जमेल सर. पण दुखतंय. दुखलं की सांगायचं. नाहीतर कोणाला कळत नाही, आणि मग जखम होते."

मग मुख्याध्यापक उठले, आपली खुर्ची आणून त्यांनी बाकामागे लावली आणि तिला टेकू दिलं.

"मला भीती होती ती न सांगता पडणाऱ्या मुलांची," ते म्हणाले. "ही सांगते. मग पस्तीस मिनिटांचं काय एवढं? मध्ये टेकेल. सोमवारपासून पाठवा." आणि रुबिनाकडे वळून त्यांनी विचारलं, "कोणी शिकवलं गं तुला हे?"

"मैनेने."

"मैना कोण? तुमच्या शाळेतल्या बाई?"

नलूताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी इब्राहिमभाईंकडे बघितलं. गाढवाचं नाव त्या इस्त्रीच्या शर्टासमोर कोणी काढायचं, हा प्रश्न होता, आणि मी तरी काढणार नव्हतो. पहिल्या दिवसाचं ते धिंडीचं बोलणं मी विसरलो नव्हतो.

इब्राहिमभाईंनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून एक फोटो काढला आणि मुख्याध्यापकांच्या पुढ्यात ठेवला.

"ही," ते म्हणाले. "आमची गाढवीण."

त्यांनी तो कधी काढला ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. फोटोत मैनेच्या पाठीवर कोणी नव्हतं. शेजारी बुटक्या स्टुलावर रुबिना बसली होती, हातात फडकं, पाठ ताठ, आणि दोघींचेही कान पानांतून आलेल्या उन्हात लाल दिसत होते.